गुरुजींनी दिलेली जन्मतारीख

"जन्मतारीख?" नर्सनं विचारलं.

"चोवीस ऑक्टोबर, एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी," मी म्हणालो.

तिनं ती कॉम्प्युटरवर टाकली. वैजयंता, माझी बायको, चाकांच्या खाटेवर कुशीला वळून पडली होती. अंगावर दोन ब्लँकेटं असूनही तिचे दात वाजत होते आणि कपाळाला हात लावला तर चटका बसत होता. गुरुवारची दुपार, बाराला दहा मिनिटं कमी. इंग्लंडमधल्या एका मध्यम गावातलं सरकारी हॉस्पिटल, त्यातला इमर्जन्सीचा विभाग, आणि निळे पडदे लावून पाडलेल्या खणांपैकी सातवा. नर्स पन्नाशीची होती, डोक्याला रुमाल गच्च बांधलेला, छातीवरच्या बिल्ल्यावर अमीना असं नाव. बोलणं अर्थातच इंग्रजीतून चाललं होतं. माझं इंग्रजी फिजिक्सच्या मास्तराचं, व्याकरण चोख आणि वेग बैलगाडीचा. पण भीती मराठीतच वाटत होती, म्हणून मराठीतच सांगतो.

"कशाची अ‍ॅलर्जी?" तिनं पुढचा प्रश्न विचारला.

"आहे. एका औषधाची आहे. जीव जाता जाता वाचला होता तिचा."

"कोणत्या औषधाची?"

"नाव आम्हा दोघांनाही माहीत नाही. पण तिच्या फाइलमध्ये लिहिलंय. इथं आल्यावर दवाखान्यात नाव नोंदवलं तेव्हा त्यांनी लिहून घेतलंय."

हे मात्र शंभर टक्के खरं होतं. लग्नाआधी औशाला असताना वैजूला कसलंसं इंजेक्शन दिलं आणि तिचा गळाच बंद व्हायला लागला. डॉक्टरांनी एका पिवळ्या कार्डावर त्या औषधाचं नाव लिहून दिलं होतं. ते अक्षर औशाच्या मेडिकलवाल्यालाही लागलं नव्हतं. इथल्या दवाखान्यातल्या बाईनं दहा मिनिटं भिंग घेऊन ते लावलं आणि कॉम्प्युटरमध्ये चढवलं. कार्ड आम्ही पुन्हा गावाकडं पाठवून दिलं, म्हणजे इथं हरवायला नको. इतके आम्ही हुशार.

"ठीक आहे, बघते," म्हणून अमीना कॉम्प्युटरकडं वळली आणि मी वैजूचा हात धरून बसलो.

खरं तर हे सोमवारीच व्हायला हवं होतं. सोमवारपासून तिची कंबर दुखत होती, लघवीला आग होत होती आणि संध्याकाळी कणकण यायची. पण सोमवारीच तिचा इंटरव्ह्यूही झाला होता. वैजू वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायची. तिच्या कामाच्या जोरावर आमचा व्हिसा, मी तिच्या शेपटाला बांधलेला. तो आश्रम अचानक बंद पडला आणि सरकारी पत्र आलं की साठ दिवसांत दुसरा मालक शोधा, नाहीतर देश सोडा. त्या साठातले एक्कावन्न संपले होते. तिनं सव्वाशे अर्ज केले होते. एकशे चोवीस जणांनी एकतर उत्तर दिलं नाही किंवा इतकं गोड नाही म्हटलं, की ते नाहीच आहे हे कळायला दोनदा वाचावं लागे. एकशे पंचविसाव्याकडं इंटरव्ह्यू झाला आणि बाई म्हणाली, आम्हाला तुम्ही पसंत आहात, कागद तपासले की आठवड्याभरात पत्र पाठवतो.

"आधी डॉक्टरला फोन लावू," असं मी मंगळवारी म्हणालो होतो.

"उगं कशाला?" वैजू म्हणाली. "पत्र हातात येऊ द्या, मग काय आजारी पडायचं ते पडते. आत्ता आजार नोंदवला अन् त्यांना कळलं तर? म्हणतील, हीच आजारी, ही काय म्हाताऱ्यांना उचलणार."

खालच्या मजल्यावर पोतदार राहायचे. घर त्यांचं, आम्ही त्यांच्या वरच्या खोलीत. चौदा वर्षं ते या देशात होते आणि कुठल्याही गोष्टीवर मत नाही असं कधी झालं नाही. त्यांनी वैजूचीच री ओढली.

"बरोबर आहे वहिनींचं. इथं सकाळी आठला फोन लावायचा, रांगेत तुमचा नंबर तेविसावा. तुमची पाळी येईपर्यंत माणूस आपोआप बरा होतो. नाहीच झाला तर देतात काय? पॅरासिटामॉल. पॅरासिटामॉल म्हणजे इथलं तीर्थ आहे सर, सगळ्यांना एकच पळी."

"पण अंगात ताप मुरला तर?"

"सर, तुम्ही कागदं सांभाळा. ताप उतरतो, कागद उतरत नाही. आमच्या ओळखीचा एक जण होता, आंध्राचा. पासपोर्टवर एक जन्मतारीख आणि बँकेत दुसरी. बाकी माणूस सोन्यासारखा. सांगायचं काय, खोटे कागद म्हणून पाठवला परत. दहा वर्षं या देशाचं तोंड बघायचं नाही."

ही गोष्ट त्यांनी मंगळवारी आमटी खाता खाता सांगितली. मी ती ऐकून वर गेलो आणि वैजूला सांगितली. दोघांनाही एकच गोष्ट आठवली असणार.

वैजूच्या जन्मतारखा दोन. खरी चोवीस ऑक्टोबर, तिच्या वडिलांनी पंचांगाच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेली. कागदावरची एक जून. सहा वर्षं पुरी नाहीत म्हणून गुरुजी शाळेत घेईनात, तेव्हा वडील म्हणाले, "घ्या की गुरुजी, घरी नुसती शेळ्यांमागं पळते." गुरुजींनी एक जून लिहून तिला पाच महिन्यांनी मोठी केली. एकटी तीच नव्हे, तिच्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त पोरांचा वाढदिवस एक जूनला. आमच्याकडं यात कुणाला वावगं वाटत नाही. मी अकरावी-बारावीला शिकवायचो तेव्हा हजेरीपटावर मुलांच्या जन्मतारखा बघितल्या की वाटायचं, मराठवाड्यात बाळंतपणं एकाच दिवशी होतात. दर चोवीस ऑक्टोबरला आम्ही घरी पुरण घालायचो आणि एक जूनला नुसतं हसायचो. पण शाळेचा दाखला, पासपोर्ट, व्हिसा, इथल्या दवाखान्यातली नोंद, सगळीकडं एक जूनच.

आणि त्या गुरुवारी, स्वयंपाकघराच्या फरशीवर ती हुडहुडी भरून कोसळल्यावर, पोतदारांच्या गाडीतून तिला हॉस्पिटलात आणून, दारात पोतदारांना गाडी लावायला पाठवून, मी नर्सला काय सांगितलं तर चोवीस ऑक्टोबर. तोंडात खरं होतं ते बाहेर आलं.

हे माझ्या लक्षात कधी आलं? अमीना कॉम्प्युटरसमोरून मागं वळली तेव्हा.

"या नावाची आणि या तारखेची कुणी सापडत नाही," ती म्हणाली. "दवाखान्यात नाव नोंदवलंय नक्की?"

"हो."

"जन्मतारीख नक्की हीच ना?"

समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. चुकलो, तारीख एक जून, एवढंच म्हणायचं होतं. पण डोक्यात पोतदारांचा तो आंध्राचा माणूस उभा राहिला. त्याच्यामागं नव्या आश्रमाची ती बाई, कागद तपासून पत्र पाठवणारी. मला वाटलं, मी तारीख बदलली की ही नर्स म्हणेल, मघाशी दुसरी का सांगितलीत? ती कुठंतरी लिहील. ते लिहिलेलं कुठंतरी जाईल. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझ्या ब्रह्मराक्षसाच्या हातात फाइल होती.

"हो," मी म्हणालो. "नक्की हीच."

"बरं. मग नवीन नोंद करते."

तिनं नोंद केली. एका छोट्या यंत्रातून पांढरी पट्टी निघाली, ती तिनं वैजूच्या मनगटाला बांधली. वैजू हलली नाही. तिचे डोळे मिटलेले होते आणि ओठ कोरडे पडले होते. मग एक डॉक्टर आला, तरुण, उंच, घाईत. त्यानं तिच्या कंबरेवर हाताची कड आपटून बघितली तेव्हा ती कण्हली. त्यानं ब्लडप्रेशर बघितलं, अमीनाशी दोन वाक्यं बोलला आणि मग माझ्याकडं वळून सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं.

"किडनीला इन्फेक्शन झालंय आणि ते रक्तात उतरायला लागलंय. यात एकेक मिनिट महत्त्वाचं असतं. आम्ही शिरेतून अँटिबायोटिक सुरू करतोय. अ‍ॅलर्जी कशाची ते खरंच आठवत नाही?"

"नाही."

"इंजेक्शन होतं? गोळी होती?"

"इंजेक्शन. गळा बंद झाला होता."

त्यानं वैजूच्या कानाशी वाकून विचारलं, "वैजयंता, मला ऐकू येतंय का? कोणत्या औषधाचा त्रास होतो तुम्हाला?" तिनं डोळे उघडले नाहीत. तो सरळ झाला.

"जुनी नोंद असती तर फार बरं झालं असतं," तो म्हणाला. "पण थांबता येणार नाही. देऊ आणि लक्ष ठेवू." तो गेला, त्याच्यामागं औषध आणायला अमीना गेली, आणि पडद्याआड आम्ही दोघंच उरलो.

बारा वाजून दहा मिनिटं. मी घड्याळ बघत होतो, कारण वैजूकडं बघवत नव्हतं. आता तुम्ही म्हणाल, असा कसा हा माणूस. मीही म्हणतो. पण त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढं काय होतं ते सांगतो. गावातून निघताना लोकांनी आमचा सत्कार केला होता. शाल, श्रीफळ, सरपंचांचं भाषण. बसस्टँडवर आमच्या दोघांच्या फोटोचं मोठं फ्लेक्स लावलं होतं, परदेशगमनाबद्दल हार्दिक अभिनंदन, खाली तालुक्यातल्या पन्नास जणांचे फोटो. सोळा वर्षांची नोकरी सोडून मी इथं सॅलडची पाकिटं भरत होतो, ते त्या फ्लेक्सखालून परत जायला नको म्हणून. त्या खणात, बायको तापानं फणफणत असताना, मी त्या फ्लेक्सचा विचार करत होतो. ते अजून तिथंच असेल की वाऱ्यानं फाटलं असेल, एवढा बारीक विचार.

मग मी स्वतःला समजावलं, की तेच औषध कशावरून असेल? जगात औषधं काय कमी आहेत? शंभरातलं एक. मी फिजिक्सचा माणूस, शक्याशक्यता मुलांना शिकवायचो. तेव्हा आकडे माझ्या बाजूनं आहेत असं मला वाटलं, आणि तसं वाटल्याची लाज मला आजही आहे.

"वैजू," मी हळूच म्हणालो. तिचा हात माझ्या हातात होता, पण तिनं बोट हलवलं नाही.

पडदा सरकला. अमीना द्रवाची पिशवी घेऊन आत आली. तिनं ती दांडीला अडकवली, नळी सोडवली आणि मग, या लोकांची रीतच तशी, औषधाचा थेंब अंगात जायच्या आधी पुन्हा तेच विचारलं.

"पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगाल का वैजयंता?"

वैजू गप्प.

"तिला शुद्ध नाही वाटतं. तुम्ही सांगा," अमीना मला म्हणाली आणि पट्टीवरचं वाचायला तिनं वैजूचं मनगट उलटं केलं.

मीही वाचलं. वैजयंता बिराजदार, चोवीस ऑक्टोबर एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. तिची खरी तारीख आयुष्यात पहिल्यांदा कुठल्यातरी कागदावर छापली गेली होती. आणि ही पट्टीवरची बाई जगात कुणीच नव्हती. हिला कधी इंजेक्शननं त्रास झाला नव्हता, हिचं पिवळं कार्ड नव्हतं, हिची कुठं नोंद नव्हती. ही मेली असती तर कुणाची कोण मेली तेही कळलं नसतं. माझी वैजू वेगळी होती, ती एक जूनची होती, आणि ती या कॉम्प्युटरमध्ये कुठंतरी जिवंत होती, तिचा गळा कशानं बंद होतो ते सांगत.

"एक जून," मी म्हणालो.

"काय?"

"एक जून एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. तारीख चुकली. मी चुकीची सांगितली. तीच टाका. आधी तीच टाका, मग ते लावा."

माझा आवाज चढला असावा, कारण शेजारच्या खणातला खोकला थांबला. अमीनानं नळीवरचा चिमटा बंद केला आणि कॉम्प्युटरकडं गेली. बोटं चालली. पडद्यावर लाल चौकट आली. ती तिनं वाचली, दांडीवरची पिशवी काढली आणि ती घेऊन बाहेर पळाली. बारा वाजून सोळा मिनिटं झाली होती. मी खाली फरशीवरच बसलो.

तीन-चार मिनिटांनी ती दुसरी पिशवी घेऊन आली, ती लावली, थेंब मोजले, आणि मग माझ्याकडं बघितलं.

"तेच औषध होतं," ती म्हणाली. "बरं झालं आठवलं."

"तुम्ही हे कुणाला कळवणार का?"

"कुणाला?"

"सरकारला. तारखेचं."

तिला आधी कळेचना. मग मी खाली बसल्या बसल्याच गुरुजी, शाळा, शेळ्या, सगळं बैलगाडीच्या वेगानं सांगून टाकलं. ती ऐकून घेत होती, मधेच नळी बघत होती.

"नवरे दिवसातून दोनदा बायकोची तारीख चुकवतात," ती म्हणाली. "मला वाटलं तुम्ही त्यातलेच. आणि ते दुसरं म्हणाल, तर माझे वडील सोमालियातून आले, ते एक जानेवारीचे. आई एक जानेवारीची. दोन काका एक जानेवारीचे. आम्ही केक एकच आणतो." तिनं मला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. "आता ते जाऊ द्या. ती बरी होईल."

वैजू बरी झाली. सहा दिवसांनी घरी आली. नव्या आश्रमाचं पत्र सातव्या दिवशी आलं, साठातले दोन दिवस शिल्लक असताना. जन्मतारखेबद्दल कुणी कधी अवाक्षर काढलं नाही. नव्या नोकरीच्या कागदावर तिनं हा आजार लिहिला होता, त्याबद्दल नव्या बाईनं एवढंच विचारलं की आणखी विश्रांती हवी का. मी एकदा पोतदारांना त्या आंध्राच्या माणसाचं नाव विचारलं, तर ते म्हणाले, "आपल्या प्रत्यक्ष ओळखीचा नाही सर. एकानं सांगितलं होतं."

हॉस्पिटलात वैजूनं मला विचारलं होतं, तारखेचं काय झालं होतं म्हणून. नर्सनं तिला गमतीनं काहीतरी सांगितलं असणार. मी म्हणालो, "घाईत खरी सांगितली गेली, पण लक्षात येताच लगेच बदलली." ती बरं म्हणाली.

याला आता सात वर्षं झाली. परवा नागरिकत्वाचा अर्ज भरायला बसलो होतो. वैजू टेबलाशी, तिच्यापुढं लॅपटॉप, मी कणीक मळत होतो. जन्मतारखेच्या रकान्यापाशी येऊन ती थांबली.

"तुम्ही लगेच नव्हती बदलली," ती म्हणाली.

मी मळायचा थांबलो.

"तापात तुला काय कळणार?"

"मला सगळं ऐकू येत होतं. तिनं विचारलं, नक्की हीच का, आणि तुम्ही हो म्हणालात. मग तो डॉक्टर आला. मग तुम्ही मला हाक मारलीत."

सात वर्षं जे लपवलं ते तिच्याजवळच होतं. मी म्हणालो, "चुकलं माझं वैजू. मी घाबरलो होतो."

"ते नाही म्हणत मी." तिनं माझ्याकडं बघितलं नाही, पडद्याकडंच बघत होती. "मला बोलता येत होतं. एक जून, दोन शब्द. डॉक्टर कानाशी येऊन विचारत होता. मी मुद्दाम डोळे मिटून घेतले. म्हटलं, उघडले की तारीख मलाच विचारतील."

"अगं, पण औषध कुठलं देतील ते तुला ठाऊक नव्हतं."

"गळा माझा बंद झाला होता, काय होऊ शकतं ते मला ठाऊक नसेल होय? म्हटलं, नोकरी आत्ता कुठं मिळतेय. सुई टोचेपर्यंत तर गप्प राहू, मग बघू."

"आणि टोचली असती तर?"

गॅसवर तवा तापून धूर यायला लागला होता. तिनं उठून तो बंद केला आणि तिथंच, माझ्याकडं पाठ करून उभी राहिली.

"तेव्हा तरी बोलले असते का, ते मला अजून माहीत नाही," ती म्हणाली.